वैशाखाची सावली, माघातली पेरणी: नागपुरातल्या गच्चीवरच्या वेलमांडवाच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी

काम ठरलं: गच्चीच्या पश्चिम कोपऱ्यात १० × ८ फुटांचा, ७ फूट उंचीचा बांबूचा मांडव. त्यावर दोडकं, घोसाळं, कारलं. एप्रिल संपायच्या आत वेलींनी छत झाकलं पाहिजे. भाजी मिळेल ती वरकड. खरं पीक सावलीचं. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात वसंतातली बागकामं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवूनच आखावी लागतात.

हिशेब उलटा मांडला. दोडक्याला पेरणीपासून मांडव झाकेपर्यंत साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे बी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मातीत गेलं पाहिजे. मार्चात पेरलेलं बी उगवतं झपाट्याने, पण वेल छतावर पोचेपर्यंत मे उजाडतो आणि कोवळा शेंडा उन्हात करपतो.

जागा ठरवताना आजचं ऊन बघून फसगत होते. आत्ता दुपारचा सूर्य बराच दक्षिणेला आहे, म्हणून मांडवाची सावली उत्तरेला सरकलेली दिसेल. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली थेट मांडवाखाली पडते. तेव्हा बसायची जागा मांडवाखालीच धरायची. दुपारी तीननंतरचं ऊन पश्चिमेकडून तिरपं आत येतं, त्यामुळे त्या बाजूला उभी वेलही लागेल. कारलं तिथे.

वजनाचं गणित आधी करायचं. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो इतका भार धरलेला असतो. आपली जागा ७.४ चौरस मीटर. वेली लावायच्या आठ पिशव्या, ओल्या मातीसह प्रत्येकी ३८ किलो, म्हणजे ३०४. खांबांखालचे काँक्रीटचे सहा पाये, प्रत्येकी ४३ किलो, म्हणजे २५८. एकूण ५६२ किलो, मीटरमागे ७६. माणसं धरूनही हे मर्यादेत बसतं. तरी सगळं वजन कठड्यालगत, खालच्या भिंती आणि बीम जिथे आहेत तिथेच ठेवायचं. घर जुनं असेल, स्लॅबमधून सळाख दिसत असेल किंवा ओल येत असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक पिशवीही चढवू नये. नुसत्या काळ्या मातीचा फूटभर जाडीचा वाफा ओला झाला की मीटरमागे पाचशे किलोच्या वर जातो. गच्चीवर विटांचे वाफे करणारे इथेच चुकतात.

बुरडाकडून बांबू आणले. खांबांसाठी कटांग, अडीच इंची, ९ फुटांचे सहा. आडव्यांसाठी मानवेल, सव्वा इंची, १० फुटांचे चौदा. मानवेल जवळजवळ भरीव असतो, वाकतो पण मोडत नाही. खांबांचे बांबू हिरवे, ताजे तोडलेलेच मागून घेतले, कारण पुढची प्रक्रिया वाळलेल्या बांबूवर चालत नाही.

बांबूला घुण लागतो तो त्यातल्या पिष्टासाठी. खांबाखाली पिवळा भुसा पडायला लागला की समजायचं, आतून पोखरण सुरू आहे. उपाय टाकणखार आणि बोरिक पावडर, ३ ला २ प्रमाणात. १५ लिटर पाण्याला ५४० ग्रॅम टाकणखार आणि ३६० ग्रॅम बोरिक. आधी ४ लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग बाकीचं पाणी. खांबाच्या आतले सगळे पेर १६ मिलिमीटरच्या टोकदार सळाखीने वरून फोडले. सर्वांत खालचा पेर शाबूत ठेवला. खांब जिन्याच्या कोपऱ्यात उभे बांधून वरून द्रावण काठोकाठ भरलं. चौदा दिवस असंच. बांबूची भिंत आतून द्रावण ओढते, पातळी उतरते, ती पुन्हा भरायची.

हे काम मोठ्यांचं, हातमोजे घालून. मुलांना या कोपऱ्यात मज्जाव. उरलेलं द्रावण कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी चुकूनही ओतायचं नाही. बोरॉन जरा जास्त झालं की पानांच्या कडा जळतात आणि ते मातीतून लवकर जात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

द्रावण दोन ते तीन इंच उतरलं होतं, भरलं. गच्चीवरचं कागदी लिंबू फुलात आहे. कितीही आड आलं तरी ते आता हलवायचं नाही. जागा बदलली की फुलं गळतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी बी भिजत घातलं. दोडकं आणि घोसाळं बारा तास, कारलं चोवीस तास. कारल्याचं कवच जाड असतं. भिजवण्याआधी बीच्या टोकाकडची कड नखकापणीने किंचित तासली तर उगवण एकसारखी होते. मधलं बी दुखवायचं नाही. पाण्यावर तरंगणारं बी बाजूला काढलं. ही निवड आजींकडे. बोटांनी दाबून पोकळ बी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा घरात कोणी नाही.

मुलांनी वर्तमानपत्राचे पेले वळले, तीन इंच उंच, पाण्याच्या ग्लासाभोवती गुंडाळून, तळ दुमडून. या वेलींना मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून प्लास्टिकच्या ट्रेमधून उपटून लावण्यापेक्षा पेल्यासकट मातीत ठेवणं बरं. कागद महिन्याभरात विरतो. लावताना पेल्याची कड मातीच्या वर राहू द्यायची नाही. वर राहिलेला कागद वातीसारखा ओल शोषून हवेत घालवतो आणि आतलं रोप सुकतं.

९ फेब्रुवारी, रविवार

माती. आठ पिशव्यांना मिळून ३०० लिटर मिश्रण लागलं:

काळी माती ७५ लिटर
गांडूळखत आणि कुजलेलं शेणखत मिळून ९० लिटर
कोकोपीट ७० लिटर, म्हणजे ५ किलोची एक वीट
भाताचं तूस ४५ लिटर
जाड रेती २० लिटर
निंबोळी पेंड पिशवीला १०० ग्रॅम

काळी माती पाव हिस्साच का, हे सांगायला हवं. ती ओल धरते, तिच्यात कस आहे, आणि विदर्भात ती फुकटात मिळते. पण वाळली की आकसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, बोटभर फट पडते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून माती ओली, खालच्या भोकातून पाणी वाहतंय, आणि मुळं कोरडी. लोक म्हणतात, ‘रोज पाणी घालतो तरी झाड वाळलं’, त्याचं कारण बहुधा हेच. तूस आणि कोकोपीट ही फट पडू देत नाहीत. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून येतं, स्वस्त आहे आणि एक अख्खं वर्ष कुजत नाही.

कोकोपीटची वीट २५ लिटर पाण्यात फुलवली, मग पोत्यात भरून दोनदा पाण्याने धुतली. धुतलं नाही तर त्यातलं मीठ राहतं आणि रोपाची पहिली पानं टोकांना तपकिरी पडतात. शेणखत हातात घेऊन वास घ्यायचा. उग्र वास येत असेल किंवा आत गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. कच्च्या खताने मुळं जळतात, शिवाय हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

पिशव्या १५ × १५ इंची, पांढऱ्या. काळ्या पिशव्या स्वस्त असतात, पण एप्रिलात त्यांची पश्चिमेची बाजू हात लावू देत नाही आणि त्या बाजूची मुळं मरतात. काळ्याच असतील तर भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं. पिशवी थेट स्लॅबवर ठेवायची नाही. दोन विटा, त्यावर फळी, खालून हवा आणि पाण्याला वाट. स्लॅबवर सतत ओल राहिली की वॉटरप्रूफिंग खराब होतं आणि खालच्या खोलीत डाग उमटतो.

प्रत्येक पिशवीच्या मधोमध दोन लिटरचं मातीचं गाडगं गळ्यापर्यंत पुरलं. कुंभाराकडून घेताना बाहेरून रंग किंवा चकाकी नसलेलं मागायचं. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी बाहेरचा भाग घामेजलेला असेल तरच ते कामाचं. कोरडं राहिलं तर भट्टीत जास्त भाजलं गेलंय, त्यातून पाणी झिरपणार नाही. तोंडावर झाकणी हवीच, नाहीतर आठवडाभरात डासांच्या अळ्या दिसतील.

बी पेल्यात २ सेंटिमीटर खोल, आडवं ठेवून लावलं. दोडकं तीन पिशव्यांसाठी, घोसाळं दोन, कारलं दोन, आणि एकीत गोकर्ण. निळ्या फुलांसाठी मुलांचा आग्रह होता, आणि गोकर्ण उन्हाला दाद देत नाही म्हणून तो पटण्यासारखाही होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

खांबांतलं द्रावण काढून बाटल्यांत भरलं. त्याचेच दोन हात मानवेलीच्या आडव्यांना कुंच्याने दिले. खांब सावलीत आडवे, खाली विटा देऊन वाळत ठेवले. उन्हात वाळवलेला हिरवा बांबू उभा तडकतो.

आज पाये भरले. स्लॅबला भोक पाडायचं नाही, हा पहिला नियम. २० लिटरचे रिकामे पेंटचे डबे सहा. एका डब्याला ४ लिटर सिमेंट, ८ लिटर रेती, १६ लिटर गिट्टी, ३ लिटर पाणी. मिसळून साधारण १८ लिटर काँक्रीट होतं. सहा डब्यांना ३५ किलो सिमेंट लागलं, एका पोत्यात भागलं. मधोमध १६ मिलिमीटरची सळाख, अडीच फूट लांब, खालची दोन इंच काटकोनात वाकवलेली, ८ इंच काँक्रीटमध्ये आणि बाकी वर. ओळंबा लावून सरळ धरायची. सळाख तिरपी राहिली तर खांब तिरपा, आणि मग आडवे बांबू कुठेच जुळत नाहीत. पाणी जास्त घालायचा मोह टाळायचा. पातळ काल्याने गिट्टी तळाला बसते आणि वर नुसता भुसभुशीत थर राहतो.

डबे जिथे राहणार तिथेच भरायचे. ४३ किलोचा डबा नंतर सरकवताना स्लॅबच्या फरशीला ओरखडे पडतात आणि कंबरेलाही झटका बसतो. सात दिवस तराई, ओलं पोतं टाकून, सकाळ-संध्याकाळ पाणी. हे काम मुलांनी मागून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

घोसाळं आणि दोडकं उगवलं. कारल्याचं तोंड आत्ता फुटतंय. रात्री अजून गार आहेत, म्हणून दहा-बारा दिवस लागले तरी उकरून बघू नये. उकरलेलं बी वाया गेलं समजायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या बांबूंना जवसाचं तेल. वाळलेल्या बांबूवर कापडाने पातळ चोळायचं, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं. जाड थर चिकट राहतो आणि धूळ धरतो. तेल लावलेल्या चिंध्यांबद्दल काळजी हवी: जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या दोरीवर सुट्या पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवायच्या किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायच्या.

कडुनिंबाची पानगळ सुरू आहे. शेजारच्या आवारातून दोन पोती पाला आणला. पिशव्यांवर आच्छादनाला यापेक्षा चांगलं काही नाही.

२ मार्च, रविवार

मांडव उभा राहिला. सकाळी सहा ते साडेदहा.

खांब साडेसात फुटांवर कापले. करवत नेहमी पेराच्या जरा वर चालवायची. खालचा पेर फोडला आणि खांब सळाखीवर बसवला. खांब काँक्रीटला टेकू दिला नाही. सळाखीत लोखंडी वायसर घालून इंचभर उचलला. टेकलेला बांबू खालून ओल ओढतो आणि पावसाळ्यात तिथेच कुजतो. सळाख आणि बांबूमधली फट बांबूच्या पातळ पाचरींनी भरली. तिथे सिमेंट ओतायचं नाही, बांबू पुढे आकसतो आणि फुटतो. खांबाच्या खालच्या टोकाला बाइंडिंग तारेचे चार वेढे घट्ट दिले, त्याने चीर वर जात नाही.

बांधायला ४ मिलिमीटरची काथ्या. प्रत्येक जोडाला तीन मीटर धरून चला. काथ्या तासभर भिजवून घेतली, ती मऊ पडते आणि गाठ नीट बसते. उभ्या-आडव्या जोडाला तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून आडवे दोन कस, शेवटी निरगाठ. कस दिले नाहीत तर वेढे कितीही असोत, जोड हलतो. मधल्या वयाच्या मुलांना हे फार लवकर जमतं. आधी दोन पेन्सिलींवर सुतळीने शिकवावं. खिळा कुठेही मारला नाही. बांबूला खिळा म्हणजे चीर.

छतावर मानवेल दीड-दीड फुटाच्या अंतराने. त्यांच्या मधली जाळी सुतळीची विणली, सहा इंची चौकडी. नायलॉनची तयार जाळी सोपी वाटते, पण हंगाम संपल्यावर तिच्यातून वाळलेल्या वेली सोडवत बसावं लागतं. सुतळी वेलीसकट कापून कंपोस्टमध्ये जाते.

दोन कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या खांबांना दोरीने जखडले. पिशव्या पायांना लागून ठेवल्या. जाळीवर तात्पुरती ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, चारही बाजूंनी सुरगाठींनी. वादळ आलं तर एका झटक्यात सुटली पाहिजे.

रोपं चार पानांची झाली, पिशव्यांत गेली. प्रत्येक पिशवीत एकच दोडकं. दोन ठेवली तर मेमध्ये दोघांनाही पाणी पुरत नाही.

५ मार्च, बुधवार

लाल भुंगेरे दिसले. बीजदलांना गोल भोकं पडली. सकाळी सातच्या आत ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या वाटीत बोटाने ढकलायचे. ऊन चढलं की उडतात. तीन सकाळी सलग केलं तर आटोक्यात येतात. वेल दीड-दोन फुटांची होईपर्यंतच त्यांचा खरा धोका.

९ मार्च, रविवार

पळस. शहराबाहेर काटोल रोड, उमरेड रोडकडे शेतांच्या बांधांवर झाडं पेटल्यासारखी दिसताहेत. फुलं सकाळी, फक्त खाली पडलेली, शेतमालकाला विचारून वेचली. फांद्या ओरबाडायच्या नाहीत. त्या फुलांवर सध्या पक्षी आणि मधमाश्या जगताहेत. राखीव जंगलातून तर काहीच आणायचं नाही.

फुलाचा मागचा मखमली काळपट पेला काढून फक्त केशरी पाकळ्या घेतल्या. हे मुलांना कंटाळवाणं वाटलं तरी करायचंच. पेल्यासकट उकळलं तर रंग मातकट येतो. निम्म्या पाकळ्या चटईवर, सावलीत, कापड रंगवण्यासाठी वाळत.

१२ मार्च, बुधवार

धुळवडीचा रंग. पाण्यासाठी: २५० ग्रॅम ताज्या पाकळ्या, ३ लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटं, रात्रभर तसंच झाकून, सकाळी फडक्याने गाळून. पिवळा-केशरी रंग. अनेक घरांत चिमूटभर चुना टाकून तो गडद केशरी करतात. अंगावर खेळायच्या रंगात चुना घालू नये, डोळ्यांत गेला तर इजा होते. लोखंडी कढई वापरायची नाही, रंग काळवंडतो.

सुका रंग: अर्धा किलो आरारूट. गाळलेलं पाणी आटवून १५० मिलिलिटर केलं, ते थोडं थोडं शिंपडत तळहातांनी चोळायचं. शेवयांच्या पिठासारखं रवाळ राहिलं पाहिजे, गोळा झाला तर पाणी जास्त झालं. सावलीत दोन दिवस वाळवून मिक्सरमध्ये फिरवायचं, मलमलीतून चाळायचं. गव्हाचं पीठ किंवा मैदा नको, ओल्या केसांत त्याची खळ होते. फिकट वाटला तरी अंगाला लागल्यावर छान दिसतो. हळद मिसळून भडक करायला हरकत नाही, पण कपड्यांवरचे डाग मग राहतात.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सकाळी पाणी घालून झाल्यावर मांडवाच्या पश्चिमेला चादर बांधली. रंगाच्या पाण्याने वेलींचं काही बिघडत नाही, पण पळापळीत कोवळे शेंडे मोडतात.

होळीत मुलांनी केलेल्या शेणाच्या चाकोल्या आणि लाकडंच जळली होती, म्हणून थंड झालेली राख चाळून डब्यात भरून ठेवली. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड पडलेल्या होळीची राख बागेत घेऊ नये. ही राख भुंगेऱ्यांसाठी, दव असताना पानांवर पातळ धुरळायची. मातीत मिसळायची नाही. आपली काळी माती आधीच अल्कली बाजूची असते, राखेने ती आणखी चढते आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

१६ मार्च, रविवार

कापड रंगवलं. बाजाराच्या चार सुती पिशव्या, मिळून २०० ग्रॅम. सुती कापडावर नुसत्या तुरटीने पळस टिकत नाही, आधी हिरडा लागतो.

कापड साबणाने उकळून खळ काढली. ४० ग्रॅम हिरडा पूड ४ लिटर पाण्यात, कापड रात्रभर. न धुता, पिळून वाळवायचं. मग ३० ग्रॅम तुरटी ४ लिटर कोमट पाण्यात, चार तास, अधूनमधून उलटसुलट. त्यानंतर मुलांनी हरभऱ्याचे दाणे आत धरून दोऱ्याने गाठी बांधल्या. २०० ग्रॅम वाळक्या पाकळ्यांचा काढा, त्यात कापड पाऊण तास, वाफ निघेल पण उकळणार नाही इतक्या आचेवर. गार होईपर्यंत आतच. दोऱ्या दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर सोडायच्या. ओल्या सोडल्या तर रंग गोल चांदण्यांत पसरतो. वाळवणं सावलीत. पळसाचा रंग कडक उन्हात उतरतो, हे मान्य करूनच तो वापरायचा.

२३ मार्च, रविवार

बहुतेक वेली पाच-सहा फुटांवर. छतापर्यंत बगलेतले फुटवे काढत गेलो, म्हणजे वेल सरळ वर जाते. आज ज्यांचा शेंडा छताच्या वर हातभर गेला होता तो खुडला. चार-पाच दिवसांत बाजूला फांद्या फुटतील आणि छतावर आडव्या पसरतील. शेंडा खुडला नाही तर एकच वेल पलीकडच्या टोकाला जाऊन लोंबते, मध्ये भोकं राहतात.

खत: १ किलो ताजं शेण १० लिटर पाण्यात तीन दिवस, गाळून तिप्पट पाणी, पिशवीला अर्धा लिटर, दहा दिवसांनी एकदा. नत्र जास्त झाल्याने फळं कमी येतात, हे खरं. आपल्याला आधी पान हवंय.

कारल्याच्या खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. एक भाग नुसतं दूध, ताक न मिसळता, नऊ भाग पाणी, सकाळी फवारलं. जास्त माखलेली पानं काढली.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढीसाठी मांडवाखालचाच एक जादा मानवेल घेतला, संध्याकाळी तो पश्चिमेच्या बाजूला आडवा बांधून टाकला.

दोडक्याला फुलांचे घोस, सगळे नर. घाबरायचं कारण नाही, मादी फुलं दहा-पंधरा दिवस मागून येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं इवलं दोडकं असतं.

६ एप्रिल, रविवार

परागीकरण, लहान मुलांचं आवडतं काम. वेळ जातीनुसार वेगळी: दोडक्याची फुलं संध्याकाळी पाचनंतर उमलतात, कारलं आणि घोसाळं सकाळी, नऊच्या आत. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडायच्या, मादीच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. एका नरात दोन माद्या होतात. इवलं फळ पिवळं पडून गळलं तर परागीकरण झालेलं नाही किंवा उन्हाने परागकण मेले आहेत. पारा चाळिशीच्या वर राहिला की हे वाढत जातं.

फळमाशीसाठी सापळा. या वेलींना क्यू ल्यूरची, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाची, वडी लागते. आंबा-पेरूसाठी मिळते ती मिथाइल युजेनॉलची, ती इथे उपयोगाची नाही. दुकानात नाव वाचून घ्यावी. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून फळांना पिशव्याही हव्यात. मुलांनी मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राच्या लांब पिशव्या चिकटवल्या. फूल सुकल्यावर दोन दिवसांच्या आत चढवायच्या, तोंड देठाशी दोऱ्याने सैल बांधून. वाकडी झालेली, डिंक आलेली फळं कंपोस्टमध्ये न टाकता कडक बंद पिशवीत भरून आठवडाभर उन्हात ठेवायची.

१३ एप्रिल, रविवार

पाण्याचं वेळापत्रक बदललं. गाडगी सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर भरायची. भरल्या वेलीला दिवसाला ३ ते ५ लिटर लागतात, गाडग्यातून कमी पडतं तेवढं वरून. नळीतलं पहिलं पाणी बादलीत सोडायचं. दिवसभर तापलेलं ते पाणी मुळांवर पडलं तर रोप एका दिवसात जातं.

दुपारी पानं मलूल होऊन लोंबतात. लगेच पाणी घालायचं नाही. संध्याकाळी आपोआप सावरली तर ते फक्त उन्हाचं होतं. सकाळीही मलूल असतील तर मुळांकडे बघायचं, बहुधा गाडगं बंद पडलंय. बोअरिंगच्या जड पाण्याने त्याच्या छिद्रांत पांढरा क्षार बसतो. काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर, मग नारळाच्या शेंडीने घासायचं.

पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा खालून वर, रोज तीन दिवस. तेवढ्याने नाही गेले तर लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि २ मिलिलिटर पातळ साबण, अंधार पडल्यावर, उमललेली फुलं टाळून. उन्हात तेल फवारलं तर पान भाजतं.

जोड तपासले. बांबू वाळून आकसल्याने पाच-सहा ठिकाणी काथ्या सैल झाली होती, पुन्हा कसली.

२० एप्रिल, रविवार

आभाळ दाटून आलं की शेडनेट आधी सोडायची, मग बाकीचं. तिच्यात वारा भरला तर पाये उचलले जातात. वेलींचं छत वारा गाळून सोडतं, त्याला धोका कमी.

२७ एप्रिल, रविवार

छत जुळलं. शेडनेट दोन तृतीयांश काढली, मधल्या विरळ पट्ट्यावर ठेवली. पश्चिमेच्या बाजूला कारलं पाच फुटांपर्यंत दाट आहे. त्याच्या वर वाळ्याचा पडदा टांगला, दुपारी दोन वेळा पाणी शिंपायचं. बुधवारी अक्षय्य तृतीया. नवा माठ मांडवाखाली येईल, जमिनीपासून फूटभर उंच तिवईवर, खाली रेतीची थाळी.

तोडणी सुरू आहे. दोडकं वीतभर-सव्वा वीत असताना, शिरा कडक होण्याआधी. चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघायचा, दर फळाचा. दोडकं, घोसाळं कडू लागलं तर ते शिजवायचं नाही, आख्खं फेकायचं. उन्हाच्या ताणाने या फळांत कडू द्रव्य वाढतं, शिजवून ते जात नाही आणि त्याने विषबाधा होते. ज्या वेलीवर कडू फळ आलं तिचं बी धरायचं नाही. बियाण्यासाठी तिसऱ्या पिशवीतल्या वेलीचं एक दोडकं लाल दोरा बांधून राखलंय. ते वेलीवरच तपकिरी होऊन हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत तोडायचं नाही. मग टोकाचं झाकण उघडून बी झटकायचं, आठवडाभर सावलीत, आणि राखेत मिसळून काचेच्या बरणीत.

पुढची कामं: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आच्छादनाचा थर पुन्हा दोन इंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडगी उपसून पालथी घालायची. पावसाच्या आधी वॉटरप्रूफिंगसाठी पिशव्यांखालची जागा एकदा झाडून, वाळवून बघायची.